आमच्या घरातला ग्रोल

ज्या बँडवरून आम्हा बहीणभावांचं फाटलं, त्यातल्या एकालाही वणी कुठे आहे हे माहीत नसणार. कुठल्याशा बर्फाळ देशातले दाढीवाले लोक. लांबच लांब गाणी, मध्येच ताल बदलायचा, मध्येच सगळं थांबून नुसती गिटार, आणि मग गायक पोटातून असा घोगरा, गुरगुरता आवाज काढायचा की कच्च्या काळजाच्या माणसाने उठून दार लावावं. त्या आवाजाला ग्रोल म्हणतात आणि अशा संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल, हे मला दादाने सांगितलं. तो नागपूरला इंजिनीअरिंगला होता आणि सुटीत येताना मोबाइलमध्ये गाणी भरून आणायचा. मी तेव्हा अकरावीत होते.

ग्रोलही त्यानेच शिकवला. खरं तर शिकायचा त्याला होता. घशावर जोर द्यायचा नाही, पोटाने ढकलायचं, असं तो व्हिडिओत पाहून मला समजवायचा आणि स्वतः दोन ओळींत खोकत बसायचा. मला थोड्याच दिवसांत जमला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो म्हणाला. हसत म्हणाला, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

आमचं घर वणीत, चंद्रपूर रस्त्याला लागून. दिवसभर कोळशाचे ट्रक. धुतलेल्या भांड्यांवर काळी भुकटी बसायची आणि घरातल्या घरात ओरडून बोलावं लागायचं. आईला त्याचा वैताग होता, मला सोय होती. दुपारी ती झोपली की मागच्या खोलीत हेडफोन लावायचे आणि ट्रकांच्या गोंगाटात पोटभर गुरगुरून घ्यायचं. दादा सोडला तर कोणाला पत्ता नव्हता.

मग बँडची नवी गाणी आली आणि त्यांत ग्रोल नव्हताच. गायक एकदम गोड, स्वच्छ गात होता. जगभरचे चाहते एकमेकांच्या उरावर बसले. आमच्या जिल्ह्यातही यवतमाळ, वणी, उमरखेडच्या मोजक्या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. अर्धे म्हणत बँड विकला गेला, अर्धे म्हणत बँड आता कुठे शहाणा झाला. दादा शहाण्यांच्या पक्षात नुसता गेला नाही, त्यांचा पुढारी झाला. ग्रोल म्हणजे जनावराचा आवाज, ज्यांना गाता येत नाही त्यांची लपायची जागा, असं त्याने लिहिलं. मी ग्रुपवर नव्हते, पोरीला कोण घेणार. सुटीत घरी आला की तो मला वाचून दाखवायचा. एकदा जेवताना मी म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. तो भरल्या ताटावरून उठला आणि पुढे दोन दिवस बोलला नाही.

त्याच आठवड्यात ट्रकवाल्यांचा संप झाला. रस्ता रिकामा, सगळी गल्ली चिडीचूप. पण कानात हेडफोन असलेल्या माणसाला बाहेरची शांतता कशी कळणार? मी नेहमीसारखी मागच्या खोलीत, डोळे मिटून, पूर्ण ताकदीने सुरू होते. त्यात नवरात्र होतं. त्यात नुकती न्हाले होते आणि केस मोकळे होते.

डोळे उघडले तर दारात आई, तिच्यामागे शेजारची काकू, तिच्यामागे गल्लीतल्या बाया. काकूने पुढे होऊन माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"कोन हायेस वो माय तू?"

मी हेडफोन काढून म्हटलं की मीच आहे, गाणं म्हणत होते. एका बाईने दुसरीला समजावलं की देवी आधी नाहीच म्हणते. काकूने नारळ ठेवला आणि आपला पोरगा खाणीत कधी लागेल ते विचारलं. मला हसू फुटलं, तर तेही देवीचंच हसणं ठरलं.

तेवढ्यात बाबा आणि दादा आले. बाबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी दादाला विचारलं, "हे काय होय रे? तुले काही माहीत हाय का?"

मी दादाकडे पाहिलं. मला एकच वाक्य हवं होतं. हे गाणं आहे, मी शिकवलं. बाबा त्याच्यावर ओरडले असते, परीक्षा सोडून हे धंदे करतोस का म्हणाले असते, आणि विषय संपला असता. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग बायांकडे.

"मले काय माहीत, बाबा," तो म्हणाला. आणि त्याने मान खाली घालून माझ्यासमोर हात जोडले.

पुढे भगत आला, लिंबं आली, अंगारा आला. आईने हेडफोन डब्यात ठेवले, तो डबा मला पुन्हा दिसला नाही. मी तिला ते गाणं लावून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, याच्याही अंगात येते वाटते. तिचा मला राग नाही. तिला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो सुटी संपवून नागपूरला निघून गेला.

मलाही बारावीनंतर नागपूरलाच जायचं होतं. मार्क होते. पण अंगात येणारी पोरगी होस्टेलात कशी ठेवता, असं काकूने विचारलं आणि बाबांना ते पटलं. दादा तेव्हाही फोनवर गप्प होता. मी वणीतच डी.एड. केलं. आता ढाणकीला शाळेत शिकवते. वर्गात मला आवाज चढवावा लागत नाही, असं सगळे कौतुकाने म्हणतात.

दादा पुण्यात असतो. गेल्या महिन्यात त्या बँडने ग्रोल परत आणला आणि चाहत्यांची पुन्हा जुंपली. दादाने भलामोठा लेख लिहून टाकला. ग्रोल हा या बँडचा आत्मा आहे आणि गोड गाण्यांच्या काळातही आपण हेच म्हणत होतो, असं त्यात होतं. खाली लोकांच्या टाळ्या. तो लेख आणि ते गाणं त्याने मला पाठवलं. वर लिहिलं होतं, "तुयंच खरं होतं. तुया आवाज मले तवाबी आवडे."

मधल्या सुट्टीत मी गाणं ऐकलं. गायक म्हातारा झालाय, घशातून ढकलतो. मी असते तर आवाज पोटातून काढला असता. हे मी त्याला लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, "मंग त्या दिवशी हात काहून जोडले?"

निळ्या खुणा लगेच आल्या. तो काहीतरी टाइप करत होता, थांबला, परत टाइप करू लागला. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, मी फोन धरून व्हरांड्यात उभी राहिले. मग त्याचं उत्तर आलं. त्यात शब्द नव्हता. पिवळे, जोडलेले दोन हात होते.