विहिरीच्या तळाशी

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकात एका सुट्टीत त्याने पाणबुड्यांच्या सामानाचा रंगीत कॅटलॉग आणला. आमच्या मिरजोळ्याच्या बागेतल्या विहिरीत मी पौषातही बुड्या मारायचे, हे त्याला ठाऊक होतं.

"एकच वस्तू आणीन. काय हवं सांग गो!"

मी हवेच्या टाकीवर बोट ठेवलं.

"ती रत्नागिरीत भरून कोण देणार?"

रबरी सूट घातला असता तर थंडी वाजली नसती, पण मला तळ बघायचा होता. मी काचेचा मुखवटा मागितला. पुढल्या सुट्टीत तो आला आणि मला पहिल्यांदाच कातळातून वाळू उडवत येणारा झरा दिसला. हात पोचायच्या आतच दम संपला. त्या झऱ्यापाशी घटकाभर थांबावं, असं अजून वाटतं.