वन्संची लाथ

रविवारी दुपारी जेवणं उरकून हेमलताबाई दिवाणावर कलंडतात, तेव्हा त्यांचा विचार पक्का झालेला असतो. संध्याकाळी तायक्वांदोच्या परीक्षेला जायचं, पुमसे करून दाखवायचे, निळा पट्टा घ्यायचा आणि घरी यायचं. फायटिंगच्या वेळी खुर्चीवर बसून राहायचं. ठाकूर सरांनी सकाळीच फोनवर सांगितलंय, "काकू, तुम्ही नुसते पुमसे करा. फायटिंगचं मी बघून घेतो." पुमसे म्हणजे समोर शत्रू आहे असं समजून एकट्यानेच करायच्या ठोशा-लाथांची ठरलेली मालिका. समोर कुणी नसलं की कुणाला लागण्याचा प्रश्न नाही, आणि पट्टा तर मिळतोच.

'बघून घेतो' म्हणजे काय, ते हेमलताबाईंना कळत नाही असं थोडंच आहे? तहसील कचेरीत उभा जन्म गेला त्यांचा. कोण कुणासाठी काय बघून घेतं, याची नोंद त्या डोक्यात ठेवत आल्यात. पण ठाकूर सर मनापासून चांगला मुलगा. नाही म्हणून त्याला कशाला अवघडवायचं?

पंखा कुरकुरतो. स्वयंपाकघरात अहो कपबशा आवरताहेत, म्हणजे कपबशा हळूहळू कमी होताहेत. डोळ्यांवर झापड येते.

खरं तर हे तायक्वांदोचं खूळ हेमलताबाईंचं नव्हतंच. ते वन्संचं. त्यांची थोरली नणंद मंदाताई. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि मग पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे आखण्यात हयात घालवलेली. मूर्ती करणारे पेणमध्ये पुष्कळ, पण डोळे उघडायचे म्हटलं की मंदाताईंना बोलावणं यायचं. म्हातारपणी तोल जायला लागला तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. शाळेतल्या योगवर्गात त्या हेमलताबाईंना घेऊन एकदाच गेल्या. शवासनाला सगळे आडवे झाल्यावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "याची घाई मला नाही बाई." त्याच शाळेच्या वरच्या हॉलमध्ये पोरं कोरियन लढाई शिकताना किंचाळत होती. वन्सं जिना चढून गेल्या.

"ओरडावं लागतं का यात?"

"हो मावशी, पोटातून ओरडायचं," ठाकूर सर म्हणाले.

"मग मला घ्या. आणि खाली माझी भावजय आहे, तिलाही घ्या. तिच्या घशात बरंच अडकलंय."

पोरांच्या जोड्या पोरांशी लागल्या आणि या दोघींची जोडी एकमेकींशी. इतकी वर्षं जे टोमण्यांवर भागत होतं ते आता रीतसर, छातीला गार्ड बांधून, कमरेत वाकून नमस्कार करून होऊ लागलं. पुरणाला चव नाही म्हटल्याबद्दल एक लाथ. लेकीच्या लग्नात दिलेली साडी परत केल्याबद्दल एक. वन्संही हात राखून मारत नसत. मग रात्री दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या पिंढऱ्यांना बाम चोळायच्या, आणि आयुष्यात कधी बोलल्या नाहीत इतक्या बोलायच्या.

श्रावणात वन्सं झोपेतच गेल्या. कमरेचा पट्टा हिरवाच राहिला.

तेव्हापासून हेमलताबाईंना कुणी मारत नाही. मुली, अगदी वरच्या लाल पट्ट्याची पोरगीसुद्धा, समोर येतात, अदबीने वाकतात आणि गाय हाकलावी तसा लांबूनच पाय झटकतात. गार्ड सोडला की खाली घामसुद्धा नसतो. पुण्याहून मुलगा फोनवर जपतो, घरात अहो हातातली बादली काढून घेतात, आणि आता ठाकूर सर. सगळीकडून नुसती माया जमा होतेय, आणि ती कुठे ठेवावी हे बाईंना कळत नाही.

त्या कुशीवर वळतात. पायथ्याशी गादी दबते. कुणीतरी येऊन बसलंय.

"झोपलीस?"

"नाही. नुसती पडलेय."

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून नुसतीच पडतेस तू. घोरतं ते दुसरंच कुणीतरी."

डोळे न उघडताही हेमलताबाईंना दिसतं. वन्संनी डोबोक, तो क्लासचा पांढरा गणवेश, घातलाय, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, कमरेला हिरवा पट्टा.

"तुम्ही कशा आलात?"

"चालत. आता गुडघे कुठे दुखतात?"

वन्सं उठून स्वयंपाकघरात जातात, आणि दिवाणावर पडल्यापडल्याच हेमलताबाई त्यांच्या मागे जातात. वन्सं फळीवरच्या डब्यांची झाकणं उघडून बघतात. एका डब्यात बोट घालून चाखतात.

"कूट अजून जाडच ठेवतेस."

"ह्यांना तसं आवडतं."

"त्याला काय आवडतं ते मला नको सांगूस. त्याचा शेंबूड पुसलाय मी."

फळी लांब होत जाते. डब्यांमागे डबे, त्यांच्यामागे आणखी. मग ते डबे नसतातच. पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती असतात, सोंड आहे, पोट आहे, मोदक आहे, पण डोळे नाहीत. छप्पर पत्र्याचं झालंय. खाली प्लास्टरची पांढरी पूड मैद्यासारखी पसरलेली, आणि तिच्यातून वन्सं अनवाणी चालताहेत. परीक्षक रांगेने बसावेत तसे ते सगळे गणपती बसलेत.

"निळा घेणार म्हणे आज," वन्सं पाठमोऱ्याच विचारतात.

"सर देताहेत."

"देताहेत! हळदीकुंकवाचं वाण आहे का ते?"

"तुमचा हिरवाच राहिला म्हणून तुम्हाला झोंबतंय."

"झोंबणारच की. धाकटी भावजय माझ्या पुढे जाणार." वन्सं वळतात. चेहरा गंभीर आहे, पण ओठाचा कोपरा हलतो. "जा ना, पुढे जा. पण मला ओलांडून जा. मागच्या दाराने काय जातेस?"

"लढायचं कुणाशी?" हेमलताबाईंचा आवाज एकदम चढतो. "मला कुणी मारतच नाही, वन्सं!"

त्यांना वाटतं, आपल्याला रडू येणार. वन्सं मात्र हसायला लागतात. गळ्यातला चष्मा उड्या मारेपर्यंत हसतात.

"या वयात बाई तक्रार घेऊन आली, आणि तक्रार काय, तर कुणी मारत नाही!"

"हसा तुम्ही. खरं मारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात."

वन्संचं हसू ओसरतं. त्या चष्मा पदराने पुसतात. डोबोकला पदर कुठून आला, हे हेमलताबाईंना विचारायचं असतं, पण ते राहून जातं.

"खरं सांगू, हेमा? मी तुला कधीच पुरतं मारलं नाही."

कारखान्यात पंखा कुरकुरतो.

"काय?"

"निम्मंसुद्धा नाही."

"म्हणजे तुम्हीपण!" हेमलताबाई संतापतात. मेलेल्या माणसावर इतकं संतापता येतं, हे त्यांना नवीनच आहे. "आणि माझ्या पिंढऱ्या काळ्यानिळ्या व्हायच्या त्या? मी लंगडत बाजारात जायची ती?"

"तेवढं तुला सोसत होतं. पहिल्यापासून बघत होते ना मी तुला."

"क्लासच्या पहिल्या दिवसापासून?"

"क्लासच्या कुठल्या! माप ओलांडून आलीस तेव्हापासून. कुठल्या बोलण्यावर हसतेस, कुठल्या बोलण्यावर तोंड फुगवतेस, आणि कुठलं बोललं की मोरीत जाऊन नळ सोडतेस. नळाच्या अलीकडे थांबायचं, एवढंच पथ्य ठेवलं होतं मी."

"साडी परत केलीत तेव्हा नाही थांबलात."

"तेव्हा अंदाज चुकला," वन्सं म्हणतात. मग हळूच म्हणतात, "रंग सुंदर होता गं."

त्यांच्या हातात आता बारीक ब्रश आहे. समोरच्या मूर्तीच्या पापणीवर त्या एक रेघ ओढतात, आणि ओढता ओढता बोलतात, जशा त्या काम करताना कायम बोलायच्या.

"हे बघ. ब्रश दाबला तर मूर्ती वाया. आणि लागेल लागेल म्हणून टेकवलाच नाही, तर देव आंधळा राहतो. त्या पोरी तुला जपत नाहीत. त्या तुझ्याकडे बघतच नाहीत. म्हातारी दिसली की नजर खाली घालून पाय झटकून मोकळ्या. जपायचं तर आधी डोळे भरून बघावं लागतं."

हेमलताबाई मूर्तीकडे बघतात. मूर्तीचा एक डोळा उघडलेला आहे आणि तो त्यांच्याकडेच बघतोय.

"मग एकदा पुरतं मारा," त्या म्हणतात.

"नाही सोसायचं तुला."

"मारा म्हणते ना!"

भावजयीने नणंदेला हुकूम सोडल्याची ही घरातली पहिली वेळ. वन्संना ते आवडलेलं दिसतं. ब्रश बाजूला ठेवून त्या पांढऱ्या भुईवर समोर येतात. दोघी कमरेत वाकतात. "शिजाक," कुणीतरी म्हणतं, सुरू करा. आवाज सरांचा नाही. तो मूर्तींच्या रांगेतून येतो.

वन्सं एक पाय मागे घेतात. अंबाडा सुटतो. त्या ओरडतात तेव्हा छपराचे पत्रे थरथरतात आणि रांगेवरची पूड खाली झरते. त्यांचा पाय जमिनीवरून उचलला जातो, वळतो, आणि येतो. सगळा येतो. काही मागे न ठेवता येतो. हेमलताबाईंना डोळे मिटायचे असतात, पण समोर वन्संचे डोळे आहेत. असे डोळे त्यांनी यापूर्वी फक्त एकदा बघितलेत. दाराआड उभ्या राहून कारखान्यात डोकावल्या होत्या, वन्संच्या ब्रशचं टोक मूर्तीच्या बुबुळावर टेकायच्या बेतात होतं, तेव्हा. आता त्या डोळ्यांपुढे मूर्ती नाही. हेमलताबाई स्वतःच आहेत, सगळ्याच्या सगळ्या.

पाय येऊन थांबतो. डाव्या बरगडीखाली चवडा गाऊनच्या कापडाला टेकतो. नुसता टेकतो. त्याची ऊब आत पोचते.

"असं," वन्सं म्हणतात. पाय अजून तिथेच आहे. या वयात एका पायावर उभ्या, आणि तोल जरासुद्धा हलत नाही.

"आता मी मारू?" हेमलताबाई विचारतात.

"मला मारून काय उपयोग? मला आता लागत नाही." वन्सं पाय खाली घेतात. "ती लाल पट्टेवाली पोरगी उभी राहील ना समोर, तिच्याकडे बघ. तिने नजर चुकवली तरी तू बघत राहा. तिला किती सोसतं ते शोध, आणि तिथपर्यंत मार. मग बघेल ती तुझ्याकडे. लाथ बसल्यावर माणूस बघतोच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर हिरवा आहेच. माझ्या शेजारी बस."

वन्सं वाकतात. हेमलताबाईही वाकतात, खाली, आणखी खाली. पांढऱ्या भुईवर वन्संच्या पावलांच्या जागी उघडी जमीन दिसते. वर बघायच्या आत त्यांच्या पोटातून काहीतरी उसळतं, घशाशी येतं, आणि इतकी वर्षं जिथे अडकायचं तिथे न अडकता बाहेर पडतं.

"अगं ए! काय झालं?"

अहो दारात उभे आहेत. हातात सांडशी आहे, सांडशीत पातेलं नाही.

"केवढ्यांदा ओरडलीस! सगळा चहा ओट्यावर गेला माझा." ते जवळ येतात, वाकून बघतात. "स्वप्न पडलं? छातीत वगैरे दुखत नाही ना?"

"नाही." हेमलताबाई उठून बसतात. बाहेर अजून चांगलं ऊन आहे. "ताई आल्या होत्या तुमच्या."

"ताई?" अहो दिवाणाच्या कडेवर बसतात. सांडशी मांडीवर ठेवतात. मग विचारतात, "काय म्हणाली?"

"कूट जाड आहे म्हणाल्या."

अहो हसतात, आणि चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसतात. "आणि हे काय लागलंय तुला? पावडर सांडलीस?"

हेमलताबाई खाली बघतात. गडद जांभळ्या गाऊनवर, डाव्या बरगडीच्या खाली, पांढरा डाग आहे. चवड्याची एक कमान, आणि तिच्यावर बोटांचे फिकट ठिपके. त्या एका ठिपक्याला करंगळी लावतात. पूड आहे, मऊ, बोटावर उतरणारी. मग अंगठ्याने तिथली बरगडी दाबून बघतात, एकदा हळू आणि एकदा जोराने. जरासुद्धा दुखत नाही.

"थांब, झटकतो," म्हणत अहोंनी हात पुढे केलेला असतो.

"हात लावू नका!"

अहो हात मागे घेतात, अगदी पोळल्यासारखा.

"ठाकूर सरांना फोन लावा," हेमलताबाई म्हणतात. "म्हणावं, फायटिंगच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवा. मी उभी राहणार आहे. समोर ती लाल पट्टेवालीच द्या. पट्टा द्यायचा की नाही ते ती लढत बघून ठरवा."

"अगं पण, लागेल तुला."

"बघू किती लागतं."

अहो फोन शोधायला जातात. हेमलताबाई दिवाणावरून उतरतात, दोन्ही हातांनी गाऊन पुढून अंगापासून जरा लांब धरतात, आणि पांढरं सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत डोबोक घालायला आत जातात.