कळलावीसाठी केलेला तह

कळलावीचा कंद डब्यात घालून सासरी आणणारी सून आमच्या घराण्यात मीच पहिली. आलापल्लीहून एसटीने येताना डबा मांडीवर होता. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "काय आहे वो डब्यात?" मी म्हटलं, "रताळं." खरं सांगितलं असतं तर तिने जागा बदलली असती. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की कळलावी ज्याच्या दारात, भांडण त्याच्या घरात.

माहेरी ती कुणी मुद्दाम लावत नाही. पावसाळा लागला की जमिनीतून आपली आपण वर येते, वाडीच्या कुंपणावर चढते आणि लाल-पिवळी फुलते. पाकळ्या सगळ्या उलट्या, वर वळलेल्या. मग वेल वाळतो आणि कंद पुढच्या पावसापर्यंत मातीत झोपतो. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरच्या रांगेत मात्र दारोदार तीच तगर आणि तीच जास्वंद. मला माझं फूल हवं होतं. हट्ट म्हणा हवं तर, पण कंद मी दारापाशी पुरला.

सासूबाई तेव्हा नुकत्याच आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या होत्या. जन्म तळ्याकाठच्या गावात गेलेला, घरचा धंदा मासेमारीचा. या काठावरून त्या काठावरच्या माणसाला हाका मारून मारून कमावलेला आवाज. मीही काही मुकी नव्हे. सकाळच्या चहात साखर किती यावरून आमचं सुरू व्हायचं, ते दुपारच्या भाजीपर्यंत पुरायचं.

कोंब वर आला तसा सासूबाईंनी ओळखला. "बाप्पा! हे कोनं लावलं? घरात भांडनं होते यानं!"

नवरा कामावर निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "मंग आतापर्यंत कायच्यानं होऊन राह्यले होते?"

आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जेवणाचा डबा विसरून गेला.

शेवटी तह ठरला. घरात भांडण झालं की त्याच दिवशी वेल उपटायचा. मी कबूल केलं. फूल बघायचं तर जीभ आवरायची, त्यात काय मोठं!

मोठं होतं. सासूबाईंनी न विचारता माझ्या वांग्याच्या भाजीत सुके झिंगे टाकले. मी म्हटलं, "छान झालं, आई." त्यांनी माझे मसाल्याचे डबे उलटसुलट लावले. मी हळद समजून बेसन घातलं आणि हसले. शेजारच्या बाईला त्या मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "आमच्या सूनबाईच्या पोळ्या पावसात छत्री म्हनून चालते." मी आत गेले, तांब्या भरला आणि वेलाला पाणी घातलं.

हीच माझी सवय झाली. एक उत्तर गिळलं की एक तांब्या. वेल बांबूच्या कमच्यांना पानांच्या टोकांनी घट्ट धरून वर चढला खरा, पण खालची पानं पिवळी पडू लागली. वरून पाऊस आणि खालून माझा राग, कंद सडेल नाहीतर काय!

घरही तसंच पिवळं पडलं होतं. सासूबाईंनी आधी मला चिडवून पाहिलं, मग टोमणे कमी केले, मग बोलणंच. अर्धी भाकर टाकून उठायच्या. एकदा वेलाला कळ्या लागलेल्या, आणि बघते तर सासूबाई पिशवी भरतायत.

"मी गावाले जातो," त्या म्हणाल्या.

गावाला त्यांचं कुणी उरलं नव्हतं. घराला कुलूप होतं.

"काऊन, आई?"

"इथी मी पाहुनी आहो. पाहुन्याशी कोनी भांडत नाई. तू मले एक शब्द बोलत नाई."

समोर दाराबाहेर कळ्या दिसत होत्या, आज-उद्या उमलतील अशा. आणि मला इतका राग आला, इतक्या दिवसांचा साठलेला, की मी विचारच केला नाही.

"जा ना! पन आधी सांगा, माह्या वांग्यात झिंगे काऊन टाकले? मसाल्याच्या डब्यायले हात काऊन लावला? अन् माह्या पोळ्या छत्री आहे त रोज चार-चार कोन खाते?"

सासूबाईंनी पिशवी खाली टाकली. पदर खोचला. चेहऱ्यावर असं तेज आलं की बस्स. "तुह्या वांग्याले चव होती का, म्हनून टाकले!" तिथून जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "हं! आता बरं वाटलं. मले वाटलं, तुमच्या घरी कोनी बिमार आहे."

घसा बसल्यावर तह आठवला. शब्द म्हणजे शब्द. मी खुरपं घेतलं आणि वेलापाशी बसले. आधी एकेक कळी मोजली.

सासूबाईंनी मागून येऊन खुरपं काढून घेतलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हे उपटलं अन् भांडनं बंद झाले त?"

मग त्यांनी त्याच खुरप्याने बुडाशी साचलेल्या पाण्याला वाट काढून दिली, आणि वेल सडवल्याबद्दल मला पुन्हा धारेवर धरलं.

फूल उमललं ते आधी त्यांनी पाहिलं. मी मागे कपडे वाळत घालत होते. त्यांनी मला हाक मारली, तळ्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशी.