टाकीवरची लाख

साताऱ्याहून निघताना मी मोटारीची पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून तिला सील ठोकलं. हसू नका. सारा जन्म कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस मी. सुतळी आणि लाख यांवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा. झाकणाला सुतळीचे चार वेढे घेतले, वर तापलेली लाख ओतली आणि तिच्यावर माझी अंगठी दाबली. ड्रायव्हर शिवराम बाजूला उभा राहून बघत होता.

निवृत्तीनंतर मी ही विलायती मोटार घेतली, तीही तिघांच्या हातांखालून गेलेली. उमेदवारीच्या काळात महाडच्या कचेरीत मी पायी जात असे. तिथल्या जुन्या मंडळींना मोटार दाखवायची, एवढाच या प्रवासाचा खरा हेतू. पण मोटार पेट्रोल बेसुमार पीत होती. ते शिवराम चोरून विकतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. "एकदा मिस्त्रीला दाखवू या," असं तो दोनदा म्हणाला, तेव्हा "चालतेय ना?" म्हणून मीच त्याला गप्प केलं.

वाईच्या पुढे त्याने विचारलं, "साहेब, पिशवी मागं ठेवू का? ती खुंटी..."

"माझ्या पिशवीला हात लावायचा नाही," मी खेकसलो. पानाचा डबा आणि चष्मा ठेवलेली माझी कापडी पिशवी पहिल्या दिवसापासून समोरच्या फळीवरच्या खुंटीला अडकवलेली असे. हाताशी बरी पडे.

महाबळेश्वर मागे पडलं आणि आंबेनळीचा घाट सुरू झाला. कारवीने भरलेले उतार, वळणावळणाला उघडी पडणारी दरी, तळाशी भाताची कापलेली खाचरं. शिवराम लहान मुलाला कडेवर घ्यावं तशी मोटार उतरवत होता. मी मात्र मान वळवून मागचा काळा धूर बघत होतो आणि मनातल्या मनात त्याच्यावर खटला चालवत होतो.

पोलादपूरच्या नाक्यावर त्याचा थोरला भाऊ धोंडू वाट बघत उभा होता. जवळच्याच वाडीचा माणूस. त्याने आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट (वाळवलेला जवळा) आणली होती. मी आधी जेवायला हवं होतं. पण मी सील तोडलं, टाकीत खुणा केलेली काठी बुडवली, तर ती जेमतेम बोटभर ओली. सील शाबूत आणि टाकी रिकामी! शहाण्याला एवढ्यावर कळलं असतं. मला वाटलं, याने खालची नळी सोडवून पेट्रोल काढलं.

"गाडीखाली शीर आणि नळी दाखव," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

शिवराम गाडीखाली शिरला. चहाच्या दुकानातली माणसं उठून आली. धोंडूने विचारलं, "साहेब, ह्ये कशापायी?"

"पेट्रोल उडतंय," मी म्हणालो.

धोंडू समजायचं ते समजला. "आमच्या घरात कुनी दुसऱ्याच्या झाडाचा आंबा बी उचलला नाय," तो हळूच म्हणाला आणि भाकऱ्यांचं फडकं माझ्या हाती देऊन निघून गेला. नळीला ओरखडासुद्धा नव्हता. त्या भाकऱ्या मी खाल्ल्या, हे सांगायलाही लाज वाटते.

महाडला एका मिस्त्रीने मोटार तपासली. चाकांत हवा कमी, एक ब्रेक चाकाला घासत राहिलेला, हवेची जाळी धुळीने बुजलेली, प्लग काजळीने काळे. त्याने जाळी घासलेटात धुतली, प्लग घासले, ब्रेक सैल केला, हवा भरली. तरी धूर काळाच. मग त्याने आत डोकं घातलं.

"ही पिशवी कोणाची?"

"माझी."

"साहेब, ही चोकची खुंटी. थंड इंजिन सुरू करताना ओढायची आणि मग आत ढकलायची. पिशवीचा बंद मागे अडकलाय, खुंटी आत जाणार कशी? गाडी दिवसभर जादा पेट्रोल पितेय." मग तो शिवरामकडे वळला. "काय रे, तू सांगितलं नाहीस?"

"सांगाया गेलो व्हतो," शिवराम म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मिस्त्रीने पिशवी काढून माझ्या हातात दिली. मोटार पुन्हा सुरू केली, तर धूर दिसेना. तिथेच टाकी पुन्हा काठोकाठ भरून घेतली. त्या दिवशी मी कचेरीकडे फिरकलो नाही. कोणाला मोटार दाखवलीही नाही.

परतताना पोलादपूरला धोंडू पुन्हा नाक्यावर उभा होता. चहाच्या दुकानातली तीच माणसं होती. मोटार थांबली. एक वाक्य बोलायचं होतं. 'चूक माझी होती,' एवढंच. पण धोंडूने आमसुलांची पुरचुंडी पुढे केली आणि मी "बरं आहे, येतो," म्हणून मोकळा झालो. जन्मभर दुसऱ्यांचे कबुलीजबाब लिहून घेतले, स्वतःचा एक तोंडातून निघाला नाही.

घाट लागल्यावर, आजूबाजूला कोणी नसताना, मी म्हणालो, "शिवराम, माझं चुकलं."

त्याने पुढचं वळण घेतलं, मग म्हणाला, "मला म्हाईत व्हतंच की, साहेब. ते नाक्यावर सांगायचं व्हतं."

"मग वळव गाडी."

"राहू द्या. भाऊ आता घरी पोचला आसंल."

मी पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

साताऱ्याला दारात मोटार थांबली. मी पिशवी घेऊन पायरी चढत होतो, तेवढ्यात शिवरामने मागून हाक मारली. त्याने टाकीचं झाकण उघडलं होतं. काठी आत बुडवून वर काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. ती अर्ध्याहून वर ओली होती.

"बघून घ्या, साहेब," तो म्हणाला.

आता ती काठी मी मोडून टाकली आहे. तरी कुठूनही परत आलो की शिवराम झाकण उघडून उभा राहतो, आणि मी बघितल्याशिवाय घरात जात नाही.