आमच्या ह्यांनी पंजा कसा घेतला

माणूस चप्पल घ्यायला गेला तर दोन जोड पायात घालून बघतो, चार पावलं चालतो आणि तिसरा जोड घेऊन घरी येतो. आमच्या ह्यांना ओंडके उचलायचा पंजा घ्यायला चौदा महिने लागले. मुलीच्या सगळ्या परीक्षांमध्ये मिळून माझे जेवढे केस पिकले नव्हते तेवढे त्या चौदा महिन्यांत पिकले.

पंजा म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी हातांना लावायचं साधन. त्याला दोन जबडे असतात, ते तेलाच्या दाबाने उघडतात आणि मिटतात. ओंडका जबड्यात धरायचा, उचलायचा आणि करवतीच्या पाटावर नेऊन ठेवायचा. कंपनीच्या कागदावर त्याला ग्रॅपल म्हणतात, पण वखारीत तसं म्हणायला कुणाला वेळ नसतो.

वखार आमची स्वतःची आहे आणि लहान आहे. लॉरी फाटकापाशी माल ओतून जाते. तिथून करवतीच्या शेडपर्यंत शंभर पावलं, आणि ती शंभर पावलं ओंडके ओढत न्यायचं काम आम्ही नवराबायको बावीस वर्षं करतो आहोत. हे साखळी बांधतात, मी ट्रॅक्टर चालवते. लोकांना हे उलटं वाटतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब पाडला, नवा बसवला, आणि महिन्याभरात तोही पाडला. तेव्हा म्हणाले, खांबच चुकीच्या जागी आहे. नाचता येईना अंगण वाकडं. मी निमूट सीटवर जाऊन बसले, ती अजून उतरलेली नाही.

साखळीत मात्र ह्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मला राग आलेला असतानाही कबूल आहे. ओंडक्याला बुटाचं टोक मारून तो कुठल्या बाजूला लोळेल ते सांगतात. साखळीचा फास असा घालतात की ओढ बसली की तो आपोआप आवळतो. आजूबाजूचे लोक ह्यांना साखळीदादा म्हणतात आणि अवघड माल आला की घरी बोलवायला येतात. बांधून झालं की हे उजवा हात वर करतात, मी मागे वळून बघते आणि क्लच सोडते.

नऊ वर्षांपूर्वी मी असाच क्लच सोडला आणि ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं साखळीत गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. दवाखान्यात हे एवढंच म्हणाले, "इंजिनाचा आवाज फार होता." सगळ्यांनी मान हलवली. हे थांब म्हणून ओरडले असणार आणि मला ऐकू आलं नसणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यावर हे मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागत राहिलं.

म्हणून मला पंजा हवा होता. पंजा आला की ओंडक्यापाशी माणूस लागत नाही, आणि माझा पाय क्लचवर असताना हे दोन लाकडांच्या मधे उभे राहणार नाहीत. बाकी वेळ वाचतो, डिझेल वाचतं, साल खरचटत नाही, ते सगळं मी ह्यांना पटवण्यासाठी सांगत होते.

ह्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. हे म्हणाले, घेऊ, पण नीट बघून घेऊ. तिथून नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली.

पहिला पंजा ह्यांना तोंडाने लहान वाटला. टेप जवळ असताना ह्यांनी तो मापला कवेने, कारण हे आयुष्यभर ओंडका मिठी मारून मापत आले आहेत. दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर माझा नवरा लोखंडाला कवटाळून उभा होता आणि मी दारातल्या वजनकाट्याकडे बघत होते. दुसऱ्याला जबडे दोन पण ते हलवणारा दट्ट्या एकच, म्हणून तो नको. एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक लाकूड आलं तर बारीक निसटेल, म्हणाले. हे खरं होतं. तिसऱ्याच्या तेलाच्या नळ्या बाहेर लोंबत होत्या, फांदीत अडकून फुटतील. हेही खरं होतं. चौथ्यात काहीच सापडेना, तेव्हा म्हणाले, ह्याचा रंग टिकणार नाही. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या शहरात राहणारी मुलगी फोनवर पंज्यांचे फोटो पाठवायची. हे चष्मा लावून प्रत्येक फोटो मोठा करून वेल्डिंग बघायचे आणि "टाका बरा नाही" म्हणायचे. पोरीने एकदा वैतागून स्वयंपाकघरातल्या चिमट्याचा फोटो पाठवला. ह्यांनी तोही मोठा करून बघितला.

शेवटी, चौदाव्या महिन्यात, मी ह्यांना ट्रॅक्टरवर शेजारी बसवून एका नव्या दुकानात नेलं. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस होता. ट्रॅक्टर दारात आहे म्हटल्यावर त्याने आधी ट्रॅक्टरचे हात किती वजन उचलतात ते बघितलं, आठशे किलो. मग आमच्यापुढे दोन पंजे ठेवले. दोन्हींना दोन-दोन दट्टे होते, नळ्या आत घेतलेल्या होत्या आणि तोंडं ह्यांच्या कवेपेक्षा मोठी होती.

फरक एकच, तो त्याने सांगितला. पहिला साधा. तो उघडतो, मिटतो, पण फिरत नाही. हलका आहे, त्यामुळे लाकूड जास्त वजनाचं उचलता येईल. मात्र ओंडका आडवातिडवा पडला असेल तर खाली एक माणूस लागेल, पहारीने तो सरळ करून द्यायला. दुसरा फिरणारा. सीटवरून दांडा ओढला की पंजा गोल वळतो, खाली कुणीच लागत नाही. पण तो शंभर किलोंनी जड, आणि जेवढा पंजा जड तेवढं लाकूड कमी. मोठे ओंडके आधी तोडून घ्यावे लागतील. ह्यांनी विचारलं, पुढे एवढं वजन आलं तर मागची चाकं उचलणार नाहीत का? दुकानदार म्हणाला, दोन्हींसाठी मागे वजन बांधावंच लागेल. प्रश्न शहाण्या माणसाचा होता. मला जरा आशा वाटली.

तो पुढे सहज म्हणाला, "फिरणारा घेतलात तर वहिनी एकट्या सगळं करतील. तुम्ही मोकळे."

हे लगेच साध्या पंज्याकडे गेले आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "हाच द्या."

चौदा महिने ज्यांना एक पंजा धड वाटला नाही त्यांना दोन मिनिटांत हा पसंत पडला. टाका बघितला नाही, कव घातली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड लहान, नळ्या बाहेर, रंग कच्चा, हे सगळं निमित्त होतं; त्या चारही पंज्यांना खाली माणूस लागत नव्हता. ह्यांना असा पंजा हवा होता ज्याला खाली माणूस लागतो. मला ह्यांची दया यायला हवी होती, पण आला तो संतापच.

"मला खाली माणूस नकोय," मी म्हटलं.

"मग मी काय घरी बसून शेंगा सोलू?"

"सोला. दहा नाही तर आठ बोटांनी तरी सोलाल. माझ्यामुळे दोन गेली, आता तिसऱ्याची वाट बघत बसू का मी?"

असं आम्ही घरातही कधी बोललो नव्हतो, आणि बोललो ते परक्याच्या दुकानात. दुकानदार एका नटाला पाना लावून बसला, तो नट आधीच घट्ट होता. हे कितीतरी वेळ साध्या पंज्याच्या जबड्यावरून हात फिरवत राहिले. मग बाकावर येऊन बसले.

"तुझ्यामुळे नाही गेली," हे म्हणाले. "मी ओरडलोच नव्हतो. मी उजवा हात वर केला. बोटं आत आहेत हे माझ्याच ध्यानात नव्हतं."

मला आधी कळेचना. नऊ वर्षं ट्रॅक्टरवर मी कान टवकारून बसले होते. शेडमधला रेडिओ मी बंद करून ठेवला होता. कानाच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले होते, ह्यांना न सांगता. दोन्ही वेळा त्यांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी मनात त्यांनाच अडाणी ठरवून घरी आले होते.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून मला साखळीला हात लावू दिला नसतास."

"नसताच दिला."

"म्हणूनच नाही सांगितलं. मला दुसरं काय येतं?"

मी काही बोलायच्या आत हे दुकानदाराकडे वळले आणि म्हणाले, फिरणारा द्या, मोठे ओंडके मी तोडून देत जाईन. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने विचारलं, आजच बसवून देऊ का, तासाभराचं काम आहे. मी म्हटलं, बसवा, ट्रॅक्टर बाहेरच आहे आणि तुम्हीही बाहेरच थांबा. बिचारा पाना घेऊन स्वतःच्याच दुकानातून बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

मग मी बाकावर ह्यांच्या शेजारी बसले, उठून जाता येऊ नये म्हणून ह्यांचा डावा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि भांडायला सुरुवात केली.