सकाळचा पहिला बोर्ड

आमच्या कारखान्यात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी टेलिफोन बनतात आणि प्रत्येक फोनचा बोर्ड थांबाकाका तपासतात. काहीही विचारा, आधी "थांबा" म्हणणार, म्हणून हे नाव. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

बोर्डवर आवाज स्वच्छ करणारी एक चिप असते. भारी नखरेल! फोन उचलला की तिला आधी आतला वीजपुरवठा द्यायचा, मग बाहेरचा, आणि तिला ठोके देणारा स्फटिक स्थिर होईपर्यंत रिसेटमध्ये, म्हणजे सुरू न होऊ देता, दाबून ठेवायचं. घाईनं सोडलं तर ती मुकीच राहते. ही वेळ मी ठरवली होती. आराखड्यावर दहा मिलिसेकंद, खाली माझी सही.

एक दिवस काकांनी वही पुढे केली. "मॅडम, सकाळचा पहिला बोर्ड मुका निघतो. परत चालू केला की बोलतो."

"मी लावला तेव्हा तर बोलला."

"तुम्ही दहाला येता. तोवर खोली गरम झालेली असते. मी सहाला लावतो."

साठी बुद्धी नाठी, असं मी मनात म्हटलं. सोमवारी चारशे फोन रवाना व्हायचे होते. "तुमचा प्लग सैल असेल," मी सांगून टाकलं.

"थांबा," ते म्हणाले. "थंड खोलीत एखादी म्हातारी सकाळी लेकीचा फोन उचलेल आणि तिला काहीच ऐकू येणार नाही. लेक तिकडे घाबरेल."

त्यांचं तोंड बंद करायला मी दुसऱ्या दिवशी सहाला गेले. मफलर गुंडाळून काका एकटेच टेबलापाशी बसले होते. त्यांनी बोर्ड लावला. मुका! मी मोजलं, तर थंडीत स्फटिकाला चौदा मिलिसेकंद लागत होते. घोडं माझ्याच दहा मिलिसेकंदांत पेंड खात होतं. चारशे बोर्डांवर ही वेळ ठरवणारा एकेक कपॅसिटर बदलून मी वेळ पन्नास केली. नंतरचे पाच दिवस आम्ही दोघं सहाला हजर राहिलो आणि रोज पहिला बोर्ड बोलला.

मला फार उदार वाटत होतं. "काका, आता थंडीत सहाला कशाला येता? नऊला या आरामात. हुकूम समजा."

"बरं," म्हणून त्यांनी तपासणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी नऊला मी पोचले, तर पहारेकरी म्हणाला, "मॅडम, काका सहापासून समोरच्या बसथांब्यावर बसलेत. आत बोलावलं तर म्हणतात, मॅडमनी नऊ सांगितलंय."

मला माझीच लाज वाटली. पाच सकाळी या माणसाशेजारी उभी राहून मी फक्त स्फटिक बघितला होता. रस्ता ओलांडून गेले. मांडीवर वही घेऊन ते बसले होते.

"काका, घरी थांबायचं ना!"

"थांबलो की," ते म्हणाले. "साडेपाचपर्यंत."