भावानं दिलेला पत्ता

त्या दुपारी नळाला पाणी आलं होतं. मोटारीचा पाइप काढायला मी बजाजनगरच्या घरातला दिवाण उघडला, तर गोधड्यांखाली पोत्यात गुंडाळलेल्या दोन तलवारी हाताला लागल्या. घरात आई आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच राहायचे. मी सुट्टीच्या दिवशी येऊन-जाऊन.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणूस हिंसेच्या टोकाला कसा जातो, हा विषय मला पाठ आहे. आधी अपमान, मग एकटेपणा, मग ‘तू आमचा’ म्हणणारी टोळी, आणि सगळ्याचा दोष ज्यांच्यावर टाकता येईल असे ‘ते लोक’. वर्गात हे सांगताना माझा आवाज कधी हलला नव्हता. आता मात्र पोतं पुन्हा झाकायलाही हात उठेना.

भावाला वाळूजच्या कंपनीतून काढलं, तेव्हा सुपरवायझरनं सगळ्यांदेखत त्याचा पास हिसकावून घेतला होता. नंतर तो घराबाहेर पडेनासा झाला. मग काही पोरं गाड्यांवरून यायला लागली, त्याला ‘दादा’ म्हणायला लागली. तो पुन्हा दाढी करू लागला, हसू लागला. आई खूश झाली. मीही. जेवताना तो ‘त्या लोकांना अद्दल घडवली पाहिजे’ म्हणायचा, ते आम्ही कानाआड करायचो. कंपनीत रोज ज्याच्या डब्यातलं तो खायचा, त्या मुसलमान दोस्ताचा नंबरही त्यानं ब्लॉक केला होता.

भाऊ घरी आला. उघडा दिवाण बघून दारातच थांबला.

“हात लावू नको, ताई. माझ्या नाहीत. ठेवायला दिल्यात.”

“कशासाठी?”

“वेळ आली तर.”

“तुझ्या दोस्तावर चालवणार?”

“तो वेगळा हाय.”

“त्या पोरांना माहीत आहे तो वेगळा आहे ते?”

त्यानं मागं वळून दाराची कडी लावली.

“त्यांनी त्याचा पत्ता विचारला होता,” तो म्हणाला.

“मग?”

“सांगितला.”

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. मी माझा फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं दोस्ताचा नंबर लावला. नंबर अजून तोंडपाठ होता.

“बायकोपोरांना घेऊन आजच सासरी जा. काही इचारू नको,” एवढंच तो बोलला.

पलीकडून आवाज आला, “तू ठीक है ना, भाई?”

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. मी पोलिसांना फोन केला. त्यानं मला अडवलं नाही. जीप आली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती, आणि आई मला विचारत होती, “तू केलास व्हय फोन?”

भावावर आणि त्या पोरांवर गुन्हा नोंदला गेला, पुढं भावाला जामीन झाला. दोस्त सुखरूप घरी परतला. भावाशी फोनवर बोलतो, आमच्या घरी मात्र येत नाही. बायको सोडत नाही म्हणतो. भाऊ आता बिडकीनला कामाला जातो.

परवा चहा घेताना तो अचानक म्हणाला, “त्या पोरांत गेलं की लई बरं वाटायचं गं, ताई.”

“अजून वाटतं?”

त्यानं कप उचलला आणि आत निघून गेला.